हॅलो डॉक्टर, दोनच मिनिटं

डॉक्टरला फोन करायचा असेल तर पहिली तयारी म्हणजे पेशंटपासून जमेल तितकं लांब जा. आई केजजवळच्या खेड्यात आजारी असेल तर फोन चाकणहून, शिफ्ट सुटताना करावा. "आत्ता ताप किती आहे?" असं डॉक्टरनं विचारलं की "थांबा, गावाकडं विचारतो" म्हणून त्याला होल्डवर टाकावं.

नाव सांगायची गरज नाही. "सायेब, मी बोलतोय, वळखलं का?" एवढ्यावर भागतं. पेशंटचं वयही "हाय की बारकंच" इतपत पुरे.

औषधाचं संभाषण असं व्हावं:

"लेकराला ताप हाय, औषध किती देऊ?"

"घरात कोणतं आहे?"

"गुलाबी."

"बाटलीवर बघा, 125 लिहिलंय का 250?"

"लेबल चिकट होऊन गेलंय."

"लेकराचं वजन?"

"अंगणवाडीच्या ताईच्या वहीत असंल."

पॅरासिटामॉलचं सिरप 5 मिलीत 125 मिलिग्रॅमचं मिळतं, तसंच 250 चंही. थेंबांच्या बाटलीत तर एका मिलीतच 100. डोस वजनावर, किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम. म्हणजे 10 किलोच्या लेकराला पहिल्या बाटलीतलं 5 मिली, दुसरीतलं त्याच्या निम्मं. पण एवढ्या हिशेबात पडतो कोण? "चमचाभर" म्हणावं आणि मोकळं व्हावं. चमचा चहाचा की पोह्याचा, हे ज्या त्या घराच्या रीतीप्रमाणे. बाटलीबरोबर मापाचं झाकण येतं, ते पोरांना भातुकलीला.

छातीतल्या दुखण्याची घाई करू नका. आधी पाऊसपाणी, मग सोयाबीनचा भाव, मग "हुरड्याला का आला न्हाईत?" आणि फोन ठेवता ठेवता, "बापूंना सकाळपासनं ग्यास झालाय. डावा हात दुखायलाय, घाम सुटलाय." डॉक्टर ओरडेल, 108 लावा. ती गाडी फुकट येते, म्हणजे तिच्यात काहीतरी खोट असणारच. त्यापेक्षा पाव्हण्याची जीप बरी. पाव्हणा मोटार चालू करायला शेतात गेला असेल तर वाट बघावी.

आम्ही डॉक्टरही मागं नाही. 25 मार्च 2020 ला टेलिमेडिसिनचे, म्हणजे फोनवरून तपासण्याचे, नियम आले: आपली ओळख द्या, पेशंटची ओळख आणि वय विचारा, नोंद ठेवा, फोनवर भागणार नसेल तर प्रत्यक्ष बोलवा. चांगले नियम आहेत. ते पाळावेत असं मला दर वेळी वाटतं, पण तेव्हा फोन खांद्यात धरलेला असतो, हातात समोरच्याचा बीपी आणि दारात चाळीस माणसं. मग "दोन गोळ्या द्या, उद्या आणा." कोणत्या गोळ्या सांगितल्या ते सॅम्पलच्या खोक्यावर लिहिलेलं असतं. खोकं संध्याकाळी झाडणाऱ्या मावशी नेतात.

मागच्या महिन्यात मात्र एका मुलानं पेशंटपासून लांब राहण्याचा नियम मोडला. पंधरा मिनिटं आईच्या गुडघ्यांबद्दल बोलल्यावर त्यानं आईलाच फोनवर जोडून घेतलं. मी विचारलं, "आजी, काय होतंय तुम्हाला?"

"मला? दम लागायलाय बाबा, तीन दिस झाले. रातीला पाठ टेकता येईना. पर तुमचं चालू द्या, पोरगं बोलायलंय न्हवं."