मणी आजच उचलून ठेवा, पैसे परत देतो

नमस्कार ताई,

आपण लिहिलंत की आमच्या दुकानातून घेतलेला, ओवायचे मणी, खुंट्या लावायची भोकांची फळी आणि आकारांचा डबा असलेला 2,350 रुपयांचा खेळण्यांचा संच वाया गेला. घरीच शिकवत असलेला आपला पाच वर्षांचा स्वमग्न (ऑटिझम असलेला) मुलगा मणी तोंडात घालतो, खुंट्या फेकतो, आकारांच्या डब्यापाशी दोन मिनिटं बसत नाही. आणि उघडलेला संच आम्ही परत घेतला नाही.

मण्यांची चूक आमची आहे. काउंटरवर वय विचारलं, तोंडात वस्तू घालतो का ते विचारलं नाही. हे मणी 20 मिमीचे आहेत, दहाच्या नाण्याहूनही लहान. तीन वर्षांखालच्या मुलांची खेळणी 31.7 मिमी व्यासाच्या नळकांड्यात टाकून तपासतात. आत मावली तर ती घशात अडकू शकतात. डब्यावर 3+ असलं की ही अट लागत नाही. पण मूल तोंडात घालत असेल तर वय कितीही असो, हाच निकष लावा. ही सवय रागावून जात नाही, ऑक्युपेशनल थेरपिस्टला (रोजची कामं आणि सवयी शिकायला मुलांना मदत करणाऱ्या तज्ज्ञाला) जरूर सांगा.

तोवर ओवायला बांगड्या घ्या. प्लॅस्टिकच्या किंवा धातूच्या, काचेच्या नकोत. लिटरची बाटली पाण्याने भरून बूच घट्ट लावा आणि बांगडी तिच्या मानेत घालायला द्या. दोरी लुळी पडते, शिवाय ओवताना दोन्ही हातांना वेगवेगळं काम असतं. बाटली आपली जागची हलत नाही.

खुंट्या फेकण्याचं कारण बहुतेक वेळा साधं असतं: पंचवीसच्या पंचवीस समोर ओतलेल्या असतात आणि फळी सरकते. फळीखाली ओला, घट्ट पिळलेला पंचा घाला. चार खुंट्या तुम्ही लावा, पाचवी त्याच्या हातात द्या. ती बसली की "संपलं" म्हणून फळी उचला. हे जमलं की शेवटच्या दोन त्याच्याकडे, मग तीन. मदत लागली तर पंजा धरू नका, कोपराला हलका आधार द्या, नाहीतर तो तुमच्या हाताचीच वाट बघत बसतो.

आकारांच्या डब्याची सगळी भोकं एकदम उघडी ठेवू नका. गोल सोडून बाकीच्यांवर आतून पुठ्ठा चिकटवा. गोल कसाही धरला तरी आत जातो, चौकोन मात्र फिरवून जुळवावा लागतो. दोन-तीन दिवस मदतीशिवाय गोल जात राहिला की मगच चौकोन उघडा.

बसण्याचंही बघा. पाय लोंबकळत असतील तर मूल चुळबुळ करणारच. पायांखाली पाट द्या, टेबल कोपराच्या उंचीला हवं. दिवसातून चार वेळा तीन-तीन मिनिटं पुरे.

उघडलेली खेळणी आम्ही परत घेत नाही, कारण ती मुलांच्या तोंडात गेलेली असतात, दुसऱ्या घरी देता येत नाहीत. तुमच्या मण्यांना हा नियम लावायला नको होता. कसेही असोत, घेऊन या. पैसे परत देऊ, किंवा 50 मिमीच्या लाकडी चकत्या आणि उभी दांडी देऊ. बाकीचा संच दोन आठवडे वरच्या पद्धतीने वापरून बघा, नाही जमलं तर तोही परत घेऊ.

गंगापूर रोडच्या दुकानात दुपारी 2 ते 4 गर्दी नसते. मुलाला घेऊन या, फळी आणि डबा त्याच्यासमोर लावून बघू. आवाजाचा त्रास होत असेल तर निघताना फोन करा, वाजणारी खेळणी बंद करून ठेवतो.