रिजेक्ट झालेली बाटली पुन्हा पट्ट्यावर टाकू नका

पॅकिंगमध्ये काम करणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या 'कॅमेरा तपासणीची चार सूत्रं' फिरताहेत. ही तपासणी म्हणजे सरकत्या पट्ट्यावरची प्रत्येक बाटली कॅमेऱ्यानं बघायची आणि खराब वाटली तर बाजूच्या डब्यात काढायची, म्हणजेच रिजेक्ट करायची. टॉलरन्स, म्हणजे किती फरक चालेल ती मर्यादा, शून्याजवळ ठेवा. रिजेक्ट माल पुन्हा पट्ट्यावर टाका, पास झाला तर चांगलाच. एकदा सेटिंग केलं की हात लावू नका. कॅमेऱ्यानं बारकोड वाचला म्हणजे छपाई उत्तम. माझा भाचा सिरपच्या लाइनवर नुकताच लागलाय. त्याच्या शिफ्टच्या साहेबांनीच हे पाठवून 'पाठ कर' म्हटलं, म्हणून लिहायला बसले.

दुसरं सूत्र आधी घेते, कारण त्यात रुग्णाच्या जिवाशी खेळ आहे. कॅमेऱ्याचा निकाल दर वेळी तोच येतो असं यात धरलंय. तसं होत नाही. बाटली पट्ट्यावर किंचित फिरते, झाकणाची तुटलेली रिंग एकदा कॅमेऱ्यासमोर येते, एकदा पाठीमागे राहते. इंजेक्शनच्या कुप्यांतले कण तपासण्यावर काम करताना ज्युलियस नॅप यांनी १९८०च्या सुमारास हेच दाखवलं. तीच कुपी पुन्हा पुन्हा तपासा आणि ती किती वेळा नाकारली जाते ते मोजा. शंभरात ७० किंवा जास्त वेळा नाकारली गेली तर ती नाकारायच्या गटात, ३०पेक्षा कमी वेळा तर स्वीकारायच्या गटात, उरलेल्या मधल्या. तपासणीचं यंत्र माणसाच्या तोडीचं आहे का, हे औषध उद्योग आजही याच पद्धतीनं पडताळतो.

आता साहेबांचं सूत्र यात घालून बघा. खराब बाटली एका फेरीत पकडली जाण्याची शक्यता ८० टक्के धरू. १०० खराब बाटल्यांतल्या २० पहिल्याच फेरीत निसटल्या. पकडलेल्या ८० पुन्हा टाकल्या, आणखी १६ गेल्या. उरलेल्या ६४ तिसऱ्यांदा टाकल्या, जवळपास १३ गेल्या. तीन फेऱ्यांत ४९ खराब बाटल्या खोक्यात! लहान मुलाच्या औषधाचं झाकण नीट बसलेलं नसेल, तर ते 'तिसऱ्यांदा पास झालं' याला काय अर्थ आहे? रिजेक्टचा डबा कुलूपबंद हवा, बाटल्या मोजलेल्या हव्यात आणि प्रत्येक दोष माणसानं लेखी निकष समोर ठेवून बघायला हवा.

आणि हा माल परत टाकायची वेळ येते ती पहिल्या सूत्रामुळेच. लेबल लावणारं मशीन प्रत्येक लेबल थोडं इकडे-तिकडे लावतंच. समजा, त्या फरकाचं प्रमाण विचलन (लेबलं ठरलेल्या जागेपासून साधारण किती सरकतात त्याचं माप) अर्धा मिलिमीटर आहे. मर्यादा ±१ मिमी ठेवली तर मशीन ठणठणीत असतानाही साधारण साडेचार टक्के बाटल्या बाहेर पडतील. मिनिटाला २०० बाटल्यांची लाइन आठ तासांत ९६,००० बाटल्या काढते, म्हणजे चार हजारांवर बाटल्या विनाकारण डब्यात. ±१.५ मिमी ठेवली तर अडीचशेच्या आसपास. डबा भरून वाहायला लागला की माणसं माल परत टाकतात, नाहीतर कॅमेराच बायपास करतात. शिवाय १२० मिमी रुंद दृश्य १,२०० पिक्सेलमध्ये बघणाऱ्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल ०.१ मिमीचा असतो. थरथरत्या पट्ट्यावर त्याला ०.०२ मिमीची मर्यादा दिली तर तो बाटलीपेक्षा पट्ट्याची थरथरच मोजेल. लेबलच नाही, एक्स्पायरी वाचता येत नाही, दुसऱ्याच औषधाचं लेबल लागलंय, इथे सूट शून्यच हवी, हे मान्य. लेबल मिलिमीटरभर वर-खाली असल्यानं कुणाचं काही बिघडत नाही.

तिसऱ्या सूत्रात अर्धं तथ्य आहे. ऑपरेटरनं मनाला येईल तशी मर्यादा बदलू नये, त्यासाठी पासवर्ड हवाच. पण लाइट जुना होतो, लेन्सवर धूळ बसते, लेबलचा नवा रोल वेगळ्या छटेचा निघतो. म्हणून शिफ्टच्या सुरुवातीला मुद्दाम बिघडवलेल्या बाटल्या लाइनवर सोडायच्या, कॅमेरा त्या सगळ्या पकडतो का ते बघायचं आणि तितक्याच मोजून परत घ्यायच्या. न पकडणाऱ्या कॅमेऱ्याला 'हात लावू नका' म्हणणं म्हणजे खराब माल जाऊ देणं.

राहिला बारकोड. लाइनवरच्या कॅमेऱ्याला अंतर ठरलेलं, प्रकाश त्याच्या सोयीचा. तो फिकट छपाईही वाचून टाकतो. छपाईचा दर्जा आयएसओ १५४१६ या मानकाप्रमाणे व्हेरिफायरवर, म्हणजे बारकोडची छपाई मोजणाऱ्या यंत्रावर, वेगळा तपासतात. ईएएन-१३च्या (दुकानातल्या मालावरच्या तेरा अंकी बारकोडच्या) डावीकडची कोरी जागा लेबल कापताना कमी झाली, तर तुमच्या कॅमेऱ्यानं वाचलेला तोच बारकोड दुकानातल्या स्कॅनरवर अडकू शकतो.