जास्वंदीवरचा कापूस

जास्वंदीच्या शेंड्याला कापूस लागलेला दिसला की माणूस पहिल्या दिवशी म्हणतो, वरच्या मजल्यावरून गादी झटकली असेल. दुसऱ्या दिवशी म्हणतो, सावरीचा उडत आला असेल. तिसऱ्या दिवशी कळ्या उमलायच्या आत टपाटप गळू लागतात, कोवळी पानं मूठ आवळल्यासारखी वळतात, आणि चष्मा लावून वाकून बघावं तर कापसाला पाय असतात. हा पिठ्या ढेकूण. नर्सरीवाला त्याला मिलीबग म्हणतो. घरी त्याला 'ती पांढरी घाण' म्हणतात, आणि ती माझ्या हलगर्जीपणातूनच उगवते असं सगळ्यांचं मत आहे.

याचं मुख्य भांडवल म्हणजे अंगावरचं मेण. वरून पाणी मारा, ओघळून जातं. औषध मारा, तेही ओघळून जातं. मादी कापसाच्या पिशवीत काही शे अंडी घालते. त्यातून निघालेली पिल्लं डोळ्यांना जेमतेम दिसतात, पण चालतात, वाऱ्यावर उडतात आणि आपल्याच बाहीला चिकटून शेजारच्या कुंडीत बदली करून घेतात. उघड्यावरच्या झाडावर निदान पाऊस पिठ्याला झोडपून काढतो. वर स्लॅब असलेल्या गॅलरीत तेवढीही शिक्षा त्याला होत नाही.

पण खरा मालक निराळाच असतो. पिठ्या झाडाचा रस पितो, त्यातली जास्तीची साखर खालून सोडून देतो. त्याला चिकटा म्हणतात. पानावर बोट फिरवलं की जिलबीवाल्याच्या टेबलासारखं चिकचिकतं, आणि काही दिवसांनी त्यावर काळी बुरशी धरते. हा चिकटा खायला काळ्या मुंग्या येतात, आणि त्या नुसत्या खात नाहीत, गुरं राखतात! पिठ्याला खायला आलेल्या किड्यांना हाकलून लावतात. म्हणून खोडावर मुंग्यांची रांग दिसली की मी आधी शेंडा बघतो. मुंगी उगीच तीन मजले चढत नाही.

मुंग्यांवर उपाय आजीचाच. फडताळाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या असत, तशा कुंडीच्या स्टँडच्या पायांखाली ठेवायच्या. यात दोन घोटाळे होतात. एक, झाडाची एखादी फांदी ग्रिलला टेकलेली असते, मग मुंग्या वाट्यांना वळसा घालून वरून उतरतात. तेवढी फांदी छाटायची. दुसरा, वाटीतल्या पाण्यात डास होतात आणि डेंगीची तपासणी करणारे लोक आपल्याकडे भलत्याच नजरेने बघतात. पाण्यात साबणाचा थेंब टाकायचा आणि दर तीन दिवसांनी ते बदलायचं.

आता फवारणी. तिच्याआधी कात्री. ज्या शेंड्यांचा नुसता गोळा झालाय ते टीचभर खालून कापायचे आणि लगेच प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून बंद करायचे. कंपोस्टच्या बादलीत टाकले तर आपण त्यांच्या जेवणाची सोय केली असं समजावं. गॅलरीतून खाली भिरकावले तर तळमजल्यावरच्या काकूंची सोनचाफ्याची कुंडी नेमकी खालीच असते. मग जुना टूथब्रश आणि पाण्याची जोरदार धार घेऊन फांद्यांच्या बेचक्या घासायच्या. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मग 'निमतेलाने काही होत नाही' म्हणून सांगत फिरतात.

निमतेल एक लिटर पाण्याला पाच मिली. पण आधी तेलात दीड-दोन मिली भांड्यांचा पातळ साबण घोटायचा, मग त्यात थोडं थोडं कोमट पाणी घालत जायचं. दुधासारखं पांढरट झालं की जमलं. उलट केलं, म्हणजे पाण्यात तेल ओतून वरून साबण टाकला, तर तेल आमटीवरच्या तर्रीसारखं तरंगतं, निम्मं नळी तुंबवतं आणि उरलेलं एकाच पानावर येऊन पडतं. पुण्याच्या डिसेंबरात तेल थिजतं, तेव्हा बाटली आधी गरम पाण्यात ठेवायची. बाजारातल्या बाटलीवर दहा हजार पीपीएम (म्हणजे निमातल्या कीडनाशक अर्काचं प्रमाण) लिहिलं असेल तर दोन मिली पुरे. त्यात साबणाचं काम करणारं द्रव्य आधीच असतं. कपड्यांची पावडर मात्र चुकूनही नको, पानांच्या कडा करपतात. दुपारच्या उन्हातही मारू नये, तेलकट पान भाजून निघतं. सूर्य कलल्यावर, मधमाश्या घरी गेल्यावर मारायचं. पानाच्या पाठीवर मारायचं हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्यासाठी कुंडीसमोर नमाजाला बसल्यासारखं गुडघ्यांवर बसावं लागतं, म्हणून मारतं कोणीच नाही. कालवलेलं त्याच दिवशी संपवायचं.

आणि पुन्हा सातव्या दिवशी. आणि पुन्हा चौदाव्या दिवशी. कारण अंडी पिशवीत सुखरूप असतात. पहिल्या फवारणीनंतर झाड स्वच्छ दिसतं, माणूस बाटली माळ्यावर टाकतो, आणि दहाव्या दिवशी पुन्हा कापूस.

सुटे दोन-चार दिसले तर फवारणीचा थाट नको. कान साफ करायची कापसाची काडी केमिस्टकडच्या स्पिरिटमध्ये बुडवून एकेकाला टेकवायची. मेण विरघळतं, किडा तांबूस पडतो. आधी एका पानावर चाचणी घ्यावी. हे काम मी रविवारी सकाळी करतो. घरचे त्याला ध्यानधारणा म्हणतात, त्यात कौतुक किती ते माहीत नाही.

सोसायटीतल्या सल्ल्यांबद्दल थोडक्यात सांगतो. आंबट ताकाने गॅलरीला दोन दिवस कढीचा वास येतो. हळद लावली की पिवळा पिठ्या मिळतो. राखेने मावा ही दुसरी कीड थोडी दबते, या महाशयांना तिचं काही वाटत नाही.

आता सगळ्यात नाजूक भाग. क्रिप्टोलिमस नावाचा एक ढालकिडा आहे. पाठ काळी, डोकं नारिंगी. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, 1898 साली भारतात आणलेला. तो आणि त्याची अळी, दोघंही पिठ्या खातात. अळीचा वेष मात्र हुबेहूब पिठ्याचाच, तसंच पांढरं मेण, तसेच धागे. फरक एवढाच की ती पिठ्याच्या दुपटीहून मोठी असते, धागे लांब आणि विस्कटलेले, आणि ब्रश जवळ नेला की पिठ्या आळसटून बसून राहतो, ही मात्र लगबगीने पळते. म्हणजे जो जाडजूड, झिपऱ्या आणि घाईत आहे, तो आपला माणूस. आजवर मी टूथब्रशने सगळ्यात आधी हुडकून हुडकून मारले ते हेच, जाडजूड, झिपरे, घाईतले.