फुफीचे ७० गुंठे

आज पुण्यात आपल्या समाजाच्या एका परिषदेला गेले होते. परतीच्या बसमध्ये बसल्याबसल्याच हे लिहायला घेतले आहे, कारण घरी पोहोचेपर्यंत राग निवेल आणि मी नेहमीप्रमाणे गप्प राहीन, अशी मला भीती वाटते.

दुपारच्या सत्राचा विषय होता 'इस्लाममधील स्त्रीचे स्थान'. मंचावर चार वक्ते होते आणि चौघेही पुरुष होते. आम्ही बायका वरच्या सज्ज्यात पडद्यामागे बसलो होतो आणि खालचे सगळे टीव्हीवर पाहत होतो. पडद्यावरून मी भांडणार नाही. माझ्या शेजारच्या दोघी त्यामुळेच मोकळेपणाने बसू शकल्या, हे मला मान्य आहे. माझा राग दुसऱ्या गोष्टीचा आहे. एका वक्त्यांनी सांगितले की, इंग्लंडमधल्या विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवण्याचा हक्क देणारा कायदा १८८२ साली झाला, पण इस्लामने तो हक्क १,४०० वर्षांपूर्वीच देऊन ठेवला होता. खाली टाळ्या झाल्या, वरही झाल्या. मीही वाजवली, कारण ते खरे आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. पण टाळी वाजवतानाच मला फुफीचा, म्हणजे माझ्या आत्याचा, शाई लागलेला अंगठा आठवला.

ही १९८९ ची गोष्ट आहे, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. दादा, म्हणजे माझे आजोबा, वारल्यानंतर काही महिन्यांनी अब्बा, चाचा आणि फुफी मिरजेला निबंधकांच्या कचेरीत गेले आणि हट्ट करून मीही सोबत गेले. फुफीला सही येत होती, चौथीपर्यंत ती उर्दू शाळेत शिकली होती. तिने सावकाश सही केली, मग शाईत बुडवून अंगठाही उमटवला आणि बाहेर येऊन तो कचेरीच्या भिंतीला पुसला. आपला वाटा भावांना सोडून देणाऱ्या त्या कागदाला हक्कसोडपत्र म्हणतात, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. त्या दिवशी मला एवढेच कळले होते की चाचाने भडंग घेऊन दिले आणि घरी आल्यावर अम्मीने फुफीला नवी साडी आणि डझनभर बांगड्या दिल्या.

जमीन १० एकर होती. दादीचा आठवा हिस्सा बाजूला काढल्यावर उरते पावणेनऊ एकर. दोन मुलगे आणि एक मुलगी, मुलग्याला मुलीच्या दुप्पट, म्हणजे पाच वाटे होतात आणि त्यातला एक फुफीचा. पावणेदोन एकर, ७० गुंठे. सातबाऱ्यावर तिचे नाव वारस म्हणून लागले होते आणि पुढच्याच फेरफारात ते कमी झाले. फुफी आज इचलकरंजीत दोन खोल्यांत राहते. फुफाजी गेल्यापासून ती यंत्रमागासाठी कांड्या भरते. तिचे वय आता सत्तरीच्या पुढे आहे.

सत्राच्या शेवटी प्रश्न चिठ्ठीवर लिहून मागवले होते. मी लिहिले, 'मंचावरील किती मान्यवरांनी आपल्या बहिणीच्या वाट्याची जमीन तिच्या नावावर ठेवली आहे?' स्वयंसेवक मुलगी चिठ्ठ्या गोळा करून खाली घेऊन गेली. पाच प्रश्न वाचले गेले, त्यात माझा नव्हता. चहाच्या वेळी संयोजकांपैकी एका बुजुर्गांनी मला ओळखून जवळ बोलावले आणि म्हणाले, ''बेटी, सवाल अच्छा था, मगर मौका नहीं था.'' त्यांच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता, उलट माया होती, आणि म्हणूनच ते मला जास्त लागले.

मग मौका कधी असतो? १८ एप्रिल १९६६ रोजी समाजसुधारक हमीद दलवाईंनी तोंडी तलाक बंद व्हावा म्हणून सात मुस्लिम स्त्रियांना सोबत घेऊन मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. दलवाईंची सगळीच मते मला पटत नाहीत, पण त्या सात जणी मला माझ्या वाटतात. तिथून सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तिहेरी तलाक रद्द करेपर्यंत २०१७ साल उजाडले. असा तलाक गुन्हा ठरवणारा २०१९ चा कायदा आला तेव्हा आपण सगळे म्हणालो की बाहेरच्यांनी आमच्या घरात लक्ष घालू नये. बाहेर आज आपल्याविषयी काय काय बोलले जाते आणि त्यात आपल्या बायकांचा कळवळा कसा वापरला जातो, हे मलाही दिसते. शाळेच्या स्टाफरूममध्ये मी ते रोज सोसते. पण फुफीचे ७० गुंठे कोणत्याही सरकारने घेतलेले नाहीत. ते आम्ही घेतले.

चहाच्याच रांगेत एका वकीलसाहेबांनी मला समजावले की मुस्लिमांच्या वारसाहक्काला शरीयत लागू करणाऱ्या १९३७ च्या कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे, तेव्हा हा मुद्दा कायद्याला धरून नाही. असेल वगळलेली. कुरआनातल्या सूरह निसाच्या सातव्या आयतीत मात्र आईवडिलांनी मागे ठेवलेल्यात पुरुषांचाही वाटा आहे आणि स्त्रियांचाही, ते थोडे असो वा पुष्कळ, आणि हा वाटा ठरवून दिलेला आहे, असे स्वच्छ सांगितले आहे. तिथे शेत, विहीर आणि बांध सोडून, असे कुठे म्हटले आहे? पुढे वारसाचे हिस्से सांगून झाल्यावर लगेच, या अल्लाहने घातलेल्या मर्यादा आहेत आणि त्या ओलांडणाऱ्यासाठी आग आहे, असेही बजावले आहे. व्याजाच्या एका रुपयाला घाबरणारी आपली माणसे या आयतींवरून इतक्या सहज पुढे कशी जातात?

आमच्या गल्लीतल्या पाटलांच्या आणि मगदुमांच्या मुलीही हक्कसोड करतात, हे कोणी सांगायला नको. त्यांच्याकडे तर मुलीला मुलाइतकाच वाटा देणारा १९९४ पासून राज्याचा आणि २००५ पासून केंद्राचा कायदा आहे. पण त्या परिषदेत चौदाशे वर्षांच्या हक्काचा अभिमान आम्ही मिरवत होतो, म्हणून हिशेबही आम्हीच द्यायचा.

सज्ज्यात मी माझ्या रांगेतल्या बायकांना हळूच विचारले. सात जणींपैकी पाच जणींनी भावांना सही करून दिली होती. एक जण म्हणाली, ''वाटा घेतला तर ईदला माहेरी कोण बोलावणार?'' दुसरीने मेहर, म्हणजे निकाहात नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कमसुद्धा लग्नाच्या रात्रीच माफ करून टाकली होती. पाचही जणी 'स्वखुशीने' म्हणाल्या. फुफीच्या कागदावरही तेच लिहिलेले होते.

आता जे लिहिणार आहे ते लिहिताना हात अडतो. त्या ७० गुंठ्यांत ऊस होता. माझ्या बी.एड.ची फी अब्बांनी त्या उसाच्या बिलातून भरली, हे त्यांनी स्वतः मला कौतुकाने सांगितले होते. गावातल्या चार माणसांशी भांडून त्यांनी मला शिकवले, वसतिगृहात ठेवले, आणि त्यांच्यासारखा बाप मिळणे हे मी माझे नशीब मानते. तो माणूस वाईट नाही. त्याने धाकट्या बहिणीचा वाटा घेतला आणि आपल्या मुलीला शिकवले, आणि दोन्ही गोष्टी त्याला योग्यच वाटल्या. आज माझ्या नावापुढे जी पदवी आहे, ती फुफीच्या शेतातून आलेली आहे.

मघाशी फलटण गेल्यावर फुफीला फोन लावला आणि परिषदेतले सगळे सांगितले. ती म्हणाली, ''जाने दे बेटा, भाई खुश तो मैं खुश.'' थोडा वेळ थांबून तिने विचारले, ''विहीर को पानी है क्या अभी?'' छत्तीस वर्षे झाली, आणि तिला त्या विहिरीचे पाणी आठवते.

मी भाईजानला मेसेज केला आहे. रविवारी मी घरी येते आहे आणि अब्बांच्या समोर दोन गोष्टी बोलायच्या आहेत. माझ्या वाट्याचे हक्कसोडपत्र मी करणार नाही. आणि फुफी हयात आहे तोवर तिचे ७० गुंठे बक्षीसपत्राने तिच्या नावावर परत जायला हवेत. चाचा हयात नाहीत, त्यांच्या मुलांशी मी बोलेन. मेसेज त्याने वाचलेला दिसतो. उत्तर अजून आलेले नाही.