खुलासा: मांडीची चरबी पोटात बसवून मधुमेह बरा होत नाही

‘मांडीची चरबी काढून पोटात बसवली की वजन उतरतं, मधुमेह जातो, हार्वर्डने सिद्ध केलंय’ असा मेसेज सध्या फिरतोय. मूळ प्रयोग खरा आहे. बोस्टनच्या जॉसलिन डायबेटीस सेंटरमध्ये रोनाल्ड कान यांच्या गटाने तो केला आणि २००८ मध्ये प्रसिद्ध केला. फक्त तो उंदरांवर होता, हे मेसेजमधून सोयीस्कर गळालं.

एका उंदराची त्वचेखालची चरबी दुसऱ्याच्या पोटाच्या पोकळीत बसवली. त्याचं वजन आणि एकूण चरबी घटली, रक्तातली साखरही सुधारली. उलट पोटातलीच चरबी पोटात बसवली, तेव्हा असा फायदा दिसला नाही. म्हणजे जागेपेक्षा चरबीचा प्रकार महत्त्वाचा. संशोधकांना रस होता तो यातच. उपचार शोधल्याचा दावा नव्हताच.

शिवाय प्रयोगशाळेतले एका शुद्ध वंशाचे उंदीर जनुकीयदृष्ट्या जुळ्यांसारखे असतात. त्यामुळे परकी चरबी शरीर नाकारत नाही. माणसांत दुसऱ्याची चरबी अशी सहजासहजी टिकणार नाही.

आणि याच मेसेजच्या जोरावर कुणी लायपोसक्शनचं (नळीने चरबी शोषून काढण्याच्या शस्त्रक्रियेचं) पॅकेज गळ्यात मारत असेल तर थांबा. २००४ मध्ये अमेरिकेत १५ लठ्ठ महिलांच्या पोटावरची त्वचेखालची प्रत्येकी सुमारे १० किलो चरबी अशीच काढली होती. दहा-बारा आठवड्यांनी तपासलं, तर इन्सुलिनला शरीर देत असलेला प्रतिसाद होता तसाच! मेसेज वाचून कुणी गोळ्या बंद केल्या असतील, तर आधी डॉक्टरांना गाठा.