वसंतराव फक्त कट्यारवाले नव्हते

परवा एका लग्नात जेवणं आटोपल्यावर मांडवात गप्पा निघाल्या. आमचा एक सोयरा अमरावतीकडे गाणं शिकवतो, जाणकार माणूस, आदर आहेच, पण तो म्हणाला, "वसंतराव देशपांड्याचं नाव जरा जास्तच झालं, थे नाटकातले गवई होत. ख्यालात, म्हणजे रागदारी गाण्यात, भीमसेन जोशी, मल्लिकार्जुन मन्सूर, कुमार गंधर्व यांच्या रांगेत नाही बसत थे." मी चूप राहिलो, लग्नघर होतं. पण दोन दिवस झाले डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितो.

आम्ही मूर्तिजापूर तालुक्यातले, वसंतरावांचा जन्म २ मे १९२० चा मूर्तिजापूरचाच, म्हणून मी बाजू घेतो असं कोणी म्हणेल तर म्हणू द्या. भजनी मंडळात पंधरा वर्षांपासून तबला वाजवतो, कानाला जे लागलं तेच सांगतो.

त्यांचा मारवा राग ऐकला का कोणी शांतपणे? मागच्या हिवाळ्यात हरभऱ्याला ओलीत चालू होतं, आमच्याकडे लाईन रात्रीची, बारानंतर वावरात जायचं आणि दर तीन तासांनी स्प्रिंकलरचे पाईप बदलायचे. मोबाईलवर हा मारवा लावला. मावळतीचा राग आहे, वेळ चुकलेलीच होती, पण काय सांगू. मारव्यात पंचम नाही, आणि सा असूनही गवई त्याच्यावर टेकत नाही, सगळा भार कोमल रिषभ आणि धैवतावर, त्यामुळे ऐकणारा घरी पोचतच नाही. वसंतराव रिषभावर येऊन थांबतात, वाटते आता सा लागणार, आणि तिथूनच खाली वळतात, परत येतात, परत वळतात. एका नोझलमध्ये कचरा अडकला होता तो काढायला वाकलो होतो, तेवढ्यात त्यांनी सा लावला, आणि मी थंडीत धुऱ्यावर तसाच बसून राहिलो. हे नाटकातलं गाणं नाही भाऊ. लाहोरला असद अली खांसाहेबांकडे बसून शिकलेला मारवा आहे तो.

आणि लय! ते स्वतः तबला जाणायचे हे गाण्यात कळते. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, सरळ येतच नाहीत, कधी सम जाऊ देतात आणि मागून पकडतात, कधी अर्धी मात्रा आधीच येऊन बसतात, तबलजी जागा पाहिजे नाहीतर फसलाच. मी घरी त्या रेकॉर्डिंगसोबत ठेका धरून पाहतो, आताही दोन ठिकाणी हात थांबतो.

घराणं नाही, म्हणजे एकाच गुरुपरंपरेची गायकी नाही, हा लोकांचा दुसरा आक्षेप. नागपूरला शंकरराव सप्रेंकडे सुरुवात, म्हणजे विष्णु दिगंबर पलुस्करांची परंपरा, मग सुरेशबाबू माने म्हणजे किराणा घराणं, अमान अली खां आणि अंजनीबाई मालपेकर म्हणजे भेंडीबाजार घराणं, आणि वरून दीनानाथ मंगेशकरांच्या गाण्याचा नाद. एका खुंट्याला बांधलेले नव्हते म्हणून रांगेत नाही बसवायचं, हे मला पटत नाही.

एक मात्र मी मान्य करतो. विलंबितात, म्हणजे संथ लयीत, भीमसेनजी जसे एका सुरावर ठाण मांडून बसतात आणि हळूहळू राग उभा करतात तसं वसंतराव दरवेळी करत नाहीत. सूर जरा रंगला की तान निघालीच. काही मैफिलींमध्ये मलाही वाटते थांबा ना जरा, अजून थोडं थांबा. पण तुलना करताना हेही बघा की भीमसेनजी अकराव्या वर्षी गुरू शोधायला घरातून पळाले आणि मग आयुष्यभर गाणंच केलं. वसंतरावांनी पुण्याला मिलिटरी अकाउंट्समध्ये कितीतरी वर्षं नोकरी केली, दिवसभर हिशेब आणि मग गाणं. १९६७ ला कट्यार काळजात घुसली हे संगीत नाटक रंगभूमीवर आलं, म्हणजे लोकांनी त्यातले खांसाहेब म्हणून डोक्यावर घेतलं तेव्हा सत्तेचाळीशीत होते, आणि १९८३ च्या जुलैमध्ये गेले. सोळा वर्षं. तेवढ्यात नाटक, मैफिली, ठुमरी, गझल सगळं.

म्हणून मला वाटते नाव जास्त झालं नाही, भलत्या ठिकाणी झालं. खांसाहेबाची भूमिका एवढी मोठी झाली की मारवा गाणारा माणूस तिच्यामागे झाकला गेला. त्यांची शताब्दी २०२० ला लॉकडाऊनमध्ये गेली, तेव्हा तरी कोणी निवांत ऐकायला हवं होतं त्यांचं ख्यालगायन.

सोयरा ही पोस्ट वाचेलच, त्यांनी राग मानू नये, मारवा एकदा पूर्ण ऐकून मग फोन करावा. आणि नागपूर, अमरावती, अकोल्याच्या जुन्या घरांमध्ये कोणाकडे त्यांच्या मैफिलीची कॅसेट पडून असेल तर फेकू नका, कळवा, मी स्वतः येऊन घेऊन जाईन आणि उतरवून परत आणून देईन.