कार्बन ही शरणागती नव्हती

नमस्कार. मॅक ओएस ९ सोडून ॲपल मॅक ओएस टेनवर कसं गेलं, या माझ्या लेखावर तुमचे दोन आक्षेप आहेत. एक, कार्बन (जुने मॅक प्रोग्रॅम थोड्या बदलांनी टेनवर चालावेत म्हणून ठेवलेला जुन्या फंक्शन्सचा संच) म्हणजे अडोबी आणि मायक्रोसॉफ्टपुढे टेकलेले गुडघे. ऱ्हॅप्सडीचा, म्हणजे प्रोग्रॅम नव्यानं लिहायला लावणाऱ्या प्रणालीचा, मूळ बेत रेटला असता तर जुनं ओझं इतकी वर्षं वाहावं लागलं नसतं. दोन, १०.० ही टेनची पहिली आवृत्ती, म्हणजे अर्धवट प्रणाली, पूर्ण म्हणून विकली.

दुसरा आक्षेप रास्तच आहे. २४ मार्च २००१ ला आलेल्या त्या आवृत्तीला १२९ डॉलर मोजायचे आणि तिच्यात डीव्हीडी बघता येत नाही, सीडी लिहिता येत नाही, खिडकीचा आकार बदलतानासुद्धा ती रखडते, हे समर्थनीय नाही. सप्टेंबरात १०.१ फुकट दिली, हे ॲपलचं कर्तव्यच होतं.

पहिला मात्र मला अजिबात पटत नाही. १९९७ चं ॲपल आठवा. कोपलँड ही स्वतःची नवी प्रणाली गुंडाळलेली, जॉब्झची नेक्स्ट ही कंपनी तिच्या प्रणालीसाठी नुकतीच विकत घेतलेली, त्या आर्थिक वर्षाचा तोटा १०० कोटी डॉलरच्या वर. अशा कंपनीनं फोटोशॉपवाल्यांना सांगायचं, की तुमचा वर्षानुवर्षांचा कोड बाजूला ठेवा आणि सगळं नेक्स्टच्या पद्धतीनं नव्यानं लिहा? कोण लिहिणार होतं? न लिहिणाऱ्यांसाठी ऱ्हॅप्सडीत ब्लू बॉक्स, म्हणजे आत जुनी मॅक ओएस चालवणारा कप्पा, होता, पण त्यात जुनं सॉफ्टवेअर जुन्याच दुखण्यांसकट चालणार होतं.

ती दुखणी तुम्हीही भोगली असतील. एक प्रोग्रॅम अडकला की अख्खं मशीन रीस्टार्ट. कुठल्या प्रोग्रॅमला किती मेमरी, हे आपण हातानं ठरवायचं. एक्स्टेन्शन (प्रणालीला जोडलेले छोटे प्रोग्रॅम) एकमेकांत भांडली की ती बंद ठेवायला शिफ्ट दाबून मशीन चालू करायचं.

मे १९९८ मध्ये जॉब्झनी कार्बन मांडलं तेव्हाचा हिशेब असा होता: जुन्या मॅकमधली सुमारे ८,००० फंक्शन्स तपासली, त्यातली २,००० च्या आसपास टाकली, बाकीची ठेवली. नव्या प्रणालीत ज्यांचा निभाव लागणं शक्य नव्हतं, ती गेली. उरलेल्यांवर बेतलेल्या प्रोग्रॅमला संरक्षित मेमरी मिळाली, म्हणजे एक अडकला तरी बाकीचे चालू, आणि खरं मल्टिटास्किंगही. शरणागती असती तर ती २,०००सुद्धा राहिली असती.

आणि एवढी सवलत देऊनही वेळ किती लागला बघा. टेनसाठीचं ऑफिस २००१ च्या अखेरीस, फोटोशॉप ७ हे २००२ मध्ये, पानं लावायचं क्वार्कएक्सप्रेस तर थेट २००३ मध्ये. मुंबई-पुण्यात मॅकवर अंक लावणाऱ्या डीटीपीवाल्यांचं पोट क्वार्कवर आणि जुन्या देवनागरी फॉन्टवर होतं. त्यांना तोवर क्लासिकमध्ये (टेनच्या आत ओएस ९ चालवायची सोय) किंवा सरळ ओएस ९ वर काम करता आलं, म्हणून अंक निघत राहिले. ऱ्हॅप्सडीनं ही माणसं मॅकजवळ राहिलीच नसती, असं माझं ठाम मत आहे.

ॲपलला धारेवर धरायचंच असेल तर २००७ साठी धरा. ६४ बिट, म्हणजे प्रोग्रॅमला खूप जास्त मेमरी वापरू देणारं, कार्बन देऊ, असं २००६ मध्ये सांगितलं आणि वर्षभरात शब्द फिरवला. त्यापायी ६४ बिट फोटोशॉप विंडोजवर २००८ मध्ये आलं, मॅकवर २०१० मध्ये. भरवशावर काम सुरू केलेल्यांचा तिथे खरा घात झाला. तुमचा राग मी समजू शकतो, पण तो कार्बन आणण्यावर नको, असं वागण्यावर हवा.